कुवेतमधली चार वर्षं आणि एक सल्ला

सत्तरचं दशक संपता संपता आमच्या हिंडलग्यात पत्ता सांगण्याची एक नवी खूण तयार झाली होती. "कुवेतवाल्याच्या घराजवळ" म्हटलं की पोस्टमन बरोबर पोचायचा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत हात बसलेले टर्नर, फिटर, वेल्डर, कॅम्पातल्या गॅरेजमधले मेकॅनिक, लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर, असे बरेच जण त्या काळात आखातात गेले. निपाणीकडूनही गेले, खानापुराकडूनही गेले. केरळातल्या लोकांची संख्या मोठी म्हणून त्यांच्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. आपल्या भागातल्या माणसांबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलेलं दिसत नाही. म्हणून मला जे आठवतं ते लिहून ठेवतो.

मी फिटर नव्हे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा बी.कॉम., १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो, मग ऑफिसर झालो. आमच्या बँकेचा कुवेतमधल्या एका एक्स्चेंज कंपनीशी ड्राफ्टचा करार होता आणि हिशेबावर नजर ठेवायला बँक आपला एखादा अधिकारी तिथं डेप्युटेशनवर पाठवायची. १९८४ च्या जानेवारीत माझा नंबर लागला. मिरजेला गाडी बदलून मुंबई, आणि मुंबईहून विमान. बायको आणि दोन मुलं हिंडलग्यात आईपाशी ठेवली. परत आलो १९८८ साली.

पहिल्या आठवड्यातच माझी फजिती झाली ती आकड्यांमुळं. अरबी लिपी उजवीकडून डावीकडं, पण आकडे मात्र आपल्यासारखे डावीकडून उजवीकडं. त्यांचा पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा दिसतो इंग्रजी साताच्या जवळपास. अकरा वर्षं लेजर लिहिलेला मी, एका पावतीवरचे पन्नास दिनार वाचताना अडकून पडलो. आमचा हेड कॅशियर हसून म्हणाला, "अरे, हे तर तुमचेच! आम्ही यांना हिंदी आकडेच म्हणतो." खरंच तसं आहे. आपण ज्यांना अरबी आकडे म्हणत आलो ते युरोपात अरबांकडून गेले, आणि अरब स्वतःच्या आकड्यांना हिंदी म्हणतात.

शब्दांच्या बाबतीत उलटं झालं. भाषा येत नव्हती तरी काउंटरवर अर्धं कळायचं. हिसाब, जमा, बाकी, तारीख, रक्कम, वकील, दलाल, मालिक, हक्क. एक्स्चेंजवाल्याला ते सर्राफ म्हणतात, म्हणजे आपले खडेबाजारातले सराफच की! पैसे पाठवण्याला हवाला. पेशवाईच्या दप्तरांतून आपल्या वहीत उतरलेली ही सगळी मंडळी मला त्यांच्या माहेरी भेटली. अर्थ मात्र थोडे सरकलेले. आपली रक्कम म्हणजे पैसा, त्यांचा रक्म म्हणजे नुसता आकडा.

कंपनीच्या मालकाचे वडील, ऐंशीच्या घरातले, रोज संध्याकाळी दुकानात येऊन खुर्चीवर बसायचे. हातात जपमाळ. मी मुंबईहून आलो समजल्यावर त्यांनी मला चक्क मुंबईच्या हिंदीत विचारलं, "मोहम्मद अली रोड पे अभी भी ट्राम जाता है?" ट्राम १९६४ सालीच बंद झालेली. तेल सापडण्याआधी कुवेत जगत होतं ते मोत्यांवर आणि गलबतांवर. बसऱ्याचा खजूर आणि मोती मुंबईला न्यायचे, तिथून तांदूळ, चहा, कापड आणायचं. गलबतं बांधायची ती मलबारच्या सागवानातून. मोसमी वाऱ्याची वाट बघत हे लोक महिनोन् महिने मुंबईत राहायचे. म्हणजे परदेशात राहून पोट भरायचा धंदा एके काळी त्यांनी आपल्याकडं केलेला.

आणि नाणं कुठलं? आपला रुपया. हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. कुवेत, बहरैन, कतार, दुबई, सगळीकडं व्यवहार भारतीय रुपयात चालायचा. पुढं झालं असं, की तिथं रुपये देऊन सोनं घ्यायचं, ते चोरून भारतात आणायचं, आणि तिथं साठलेले रुपये रिझर्व्ह बँकेकडं पाठवून पौंड मागायचे, असा धंदा बोकाळला. परकीय चलन गळायला लागलं. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्याला आखाती रुपया म्हणायचे. १९६१ साली कुवेतनं स्वतःचा दिनार सुरू केला तो एका दिनाराला सव्वातेरा रुपयांहून थोडा जास्त, नेमकं सांगायचं तर १३ रुपये आणि एक तृतीयांश, या भावानं. दिनाराचे हजार फिल्स, म्हणजे रुपया झाला ७५ फिल्सचा. १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि कतार-दुबईनंही रुपया सोडला. म्हातारेबाबा ७५ फिल्सना अजून रुपयाच म्हणायचे. मी १९८४ साली पोचलो तेव्हा एका दिनाराला ३५ च्या पुढं रुपये मिळत होते. बाबा मला चिडवायचे, "तुझा रुपया फार आजारी पडला रे."

हा रुपयाचा आजारच पुढं माझ्या गोष्टीत येणार आहे.

त्या शहरात निम्म्याहून जास्त लोक परदेशीच होते. इजिप्तचे, पॅलेस्टाईनचे, इराणचे, पाकिस्तानचे, आपले, फिलिपीन्सचे. घर-जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नसे. धंदा करायचा तर कुवेती भागीदार हवा. राहायला इकामा लागायचा, आणि इकामा मिळायचा कफीलच्या, म्हणजे तुमची हमी घेणाऱ्या मालकाच्या जिवावर. नोकरी गेली की इकामा गेला, इकामा गेला की तुम्ही गेलात. बहुतेकांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. १९८५ च्या मे महिन्यात अमीर शेख जाबेर यांच्या मोटारींच्या ताफ्यावर बॉम्बहल्ला झाला, त्यानंतर रस्त्यात थांबवून कागद बघणं वाढलं. भाजी आणायला निघालो तरी आधी खिसा चाचपायचा. पाकीट विसरलं तर चालेल, सिव्हिल आयडी नको विसरायला.

आमचा हेड कॅशियर पॅलेस्टिनी. त्याचा बाप १९४८ साली घर सोडून निघालेला, हा जन्मला कुवेतमध्ये, शाळा तिथं, लग्न तिथं, मुलं तिथं. तरी तो परदेशीच, माझ्याइतकाच. एकदा मी सहज म्हणालो, "मी दोन वर्षांत घरी जाणार." तो नोटांची गड्डी मोजता मोजता थांबला आणि म्हणाला, "तुला घर म्हणायला गाव तरी आहे." पुन्हा मोजायला लागला. १९९१ नंतर बहुतेक पॅलेस्टिनी लोकांना कुवेत सोडावं लागलं. तो कुठं गेला, कळलं नाही.

रोजचं जगणं तसं साधंच. मुरगाब भागात एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण. एक कोल्हापूरचा, दोन रत्नागिरीचे, एक गोव्याचा आणि मी. सकाळी आठ ते साडेबारा काम, मग चार ते आठ. मधल्या वेळात शहर झोपलेलं. जून-जुलैत पारा पन्नाशीला टेकायचा, नळाचं पाणी दुपारी आंघोळीला घेता यायचं नाही, म्हणून सकाळी बादल्या भरून ठेवायच्या. पाणी सगळं समुद्राचं, मीठ काढून गोड केलेलं. धुळीचं वादळ आलं की दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे, तरी भातात कचकच लागायचीच. इराणी भट्टीतली खुबूस रोटी गरम गरम आणायची आणि तिच्याबरोबर आमटी. ज्वारीची भाकरी मात्र चार वर्षांत नाही. गणपती बसायचा कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये, दीड दिवसाचा, दार लावून आणि आरती हळू आवाजात. कुणी तक्रार केली असं कधी झालं नाही, पण आवाज आपोआपच खाली यायचा.

गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ म्हणजे आमच्या काउंटरवर जत्रा. पगार झालेला असायचा. फिटरला साठ-सत्तर दिनार, घरकामाच्या बाईला तीस-पस्तीस. ड्राफ्टचा फॉर्म इंग्रजीत, आणि निम्म्यांना लिहिता यायचं नाही. मग काउंटरच्या अलीकडं येऊन मी फॉर्म भरायचो, पाकिटावर पत्ता लिहायचो आणि हळूहळू पत्रंही लिहायला लागलो. ड्राफ्ट रजिस्टर पोस्टानं जायचा, पंधरा-वीस दिवस लागायचे. आईचं औषध, बहिणीचं लग्न, विहिरीचं इंजिन, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या पाकिटाच्या वाटेकडं डोळे लावून. एक गोव्याची बाई दर महिन्याला पंचवीस दिनार पाठवायची आणि फॉर्म देताना विचारायची, "आज पाठवू की पुढच्या आठवड्यात? भाव वाढेल?" हा प्रश्न रोज पन्नास वेळा. १९८० नंतर रुपया घसरतच चालला होता. त्यामुळं "थोडं थांबा" म्हणणारा बरोबर ठरायचा. मीही म्हणायचो. लोक म्हणायचे, साहेबांना कळतं.

१९८६ चा जून. मुंबईहून दोन-तीन दिवस शिळं वर्तमानपत्र आमच्याकडं यायचं. त्यात बेळगावची बातमी: कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन, गोळीबार, माणसं गेली. हिंडलग्याचं नाव होतं. आज जिथं हुतात्मा स्मारक आहे आणि दर एक जूनला आपण जमतो, ते गाव माझं. माझी बायको, मुलं, आई तिथं. घरी फोन नव्हता. शेजारच्या दुकानदाराचा नंबर होता तो लागेना. दोन दिवस मी काउंटरवर चुकीच्या बेरजा करत होतो.

रांगेत गोकाकचा एक गवंडी असायचा, कन्नड बोलणारा, दर महिन्याला येणारा. मराठी त्याला कळायचं, बोलायचा तोडकंमोडकं. त्या शुक्रवारी त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं फॉर्म पुढं केला नाही. विचारलं, "साहेब, घरचं बरं हाय न्हवं?" मी म्हणालो, अजून कळलं नाही. तो बाजूला उभा राहिला. दुकान बंद झाल्यावर मला म्हणाला, माझा मेहुणा बेळगावात पोस्टात आहे, त्याच्याकडून निरोप काढतो. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की घरचे सगळे सुखरूप आहेत. मी सीमाप्रश्नावरचं माझं मत तेव्हा बदललं नाही, आजही बदललेलं नाही. पण तो गवंडी आठवल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही, एवढं खरं. तिथल्या पोलिसाच्या लेखी आम्ही दोघंही 'हिंदी'. कागद दाखवायला दोघंही एकाच भिंतीला उभे.

आता दादाची गोष्ट. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, फिटर. माझ्या आधी पाच वर्षं तो कुवेतला गेलेला, फहाहीलकडं एका वर्कशॉपमध्ये. एका खोलीत आठ जण. महिन्यातून एकदा बसनं माझ्याकडं यायचा, येताना डब्यात स्वतः केलेला मटणाचा रस्सा. हिंडलग्यात त्याला घर बांधायचं होतं. जागा घेऊन ठेवलेली, पायाही काढलेला. १९८७ च्या शेवटी तो आला आणि म्हणाला, "अकराशे दिनार साठल्यात. पाठवू काय?" तेव्हा भाव होता ४६ च्या आसपास. म्हणजे पन्नास हजार रुपये. मी कागद घेतला, मागच्या सात वर्षांचे भाव एकाखाली एक लिहिले आणि त्याला दाखवलं: बघ, रुपया दरवर्षी खालीच. घाई करू नको. इथंच ठेव, दोन-तीन वर्षांनी पाठव, वरचा मजलाही त्यात निघेल. दादानं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तू बँकेतला. तुला म्हाईत."

मी १९८८ ला परत आलो, बेळगावच्या शाखेत रुजू झालो. १९९० च्या मे महिन्यात त्याचं पत्र आलं. आता एकोणीसशे दिनार झालेत, काय करू? भाव साठच्या घरात गेला होता. माझं गणित अगदी बरोबर आलं होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता हे कबूल करतो. मी लिहिलं, दिवाळीपर्यंत थांब.

दोन ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कुवेतमध्ये तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन आले. लोकांना बसनं बसऱ्यामार्गे बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, वाळवंटातले तंबू, मग अम्मानहून विमान. दोन महिन्यांत ४८८ विमानफेऱ्या झाल्या. दादा सप्टेंबरात हिंडलग्यात आला. खांद्याला एक रेक्झिनची पिशवी. ओठ फुटलेले, वजन निम्मं.

पैसे? ट्रंकेत होते. रोख. खोलीतल्या ट्रंकेत, ब्लँकेटच्या घडीत. मी 'इथंच ठेव' म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं बँकेतली मुदत ठेव होती. त्याला बँकेचे अरबी कागद वाचता येत नव्हते, पासपोर्ट कंपनीकडं, विचारायची लाज. त्यानं ट्रंकेत ठेवले. आणि मी, बँकेचा अधिकारी, तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही की कुठं ठेवलेत. इराकनं कुवेती दिनार आधी इराकी दिनाराच्या बरोबरीला आणला आणि मग रद्दच करून टाकला. बसवाल्यानं, पाणीवाल्यानं, हद्दीवरच्या दलालानं ज्या भावानं घेतले त्या भावानं ते गेले. बाकीचे झडतीत गेले. कुवेत मुक्त झाल्यावर तिथल्या बँकांतल्या ठेवी खातेदारांना परत मिळाल्या. मुदत ठेव असती तर तीही मिळाली असती.

दादा मला काही बोलला नाही. वहिनी एकदाच बोलली. मी त्यांच्याकडं गेलो होतो, पायाच्या दगडांवर गवत वाढलेलं. वहिनी चहाचा कप ठेवत म्हणाली, "भावजी, मी काय तुम्हाला बोलत नाही. पण तुम्ही बँकेत हाय म्हणून आम्ही विचारलो." आमच्याकडच्या बायका 'विचारलो'च म्हणतात. तो शब्द मला अजून ऐकू येतो.

त्या वर्षी आखातातून येणारा पैसा आटला, तेल महागलं, देशाची परकीय गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि १९९१ साली रिझर्व्ह बँकेला सोनं गहाण टाकावं लागलं. शाखेत लोक मला विचारायचे, साहेब, देशाचं सोनं कसं काय गहाण पडतं? मी समजावून सांगायचो. चालू खात्यातली तूट, अल्पमुदतीचं कर्ज, सगळं. सांगताना माझ्या डोळ्यांपुढं ती ट्रंक असायची.

मग संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात भरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या पैशातून नुकसानभरपाई. देश सोडावा लागला एवढ्यासाठी एकट्या माणसाला ठरावीक रक्कम होती, त्याला बाकी नुकसानीचे पुरावे लागायचे नाहीत. दुसरा कुठलाही दावा केला नाही तर ४,००० डॉलर. बुडालेल्या पैशांचा वेगळा दावा केला तर २,५०० आणि वर सिद्ध होईल तेवढं. दादा फॉर्म घेऊन माझ्याकडं आला. "कुठल्या खान्यात सही करू, सांग."

मी या वेळी सांगितलं नाही. एका कागदाच्या दोन बाजूंना दोन्ही हिशेब लिहिले, ट्रंकेतल्या पैशांचा कागदी पुरावा आपल्याकडं नाही हेही लिहिलं, आणि पेन त्याच्यापुढं ठेवलं. तो बराच वेळ बसून राहिला. म्हणाला, "काय करलालास हे? तू सांग की." मी गप्प. माझा हा गप्पपणा शहाणपणाचा होता की भेकडपणाचा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. शेवटी त्यानं चार हजाराच्या खान्यात सही केली. पैसे पुढं काही वर्षांनी, हप्त्यांनी आले. त्यात खालचा मजला झाला. स्लॅबवर उद्याच्या मजल्यासाठी सळ्या उभ्या सोडल्या होत्या, त्या तशाच गंजत राहिल्या.

दादाला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याचा नातू गेल्या मे महिन्यात दुबईला लागला, कॉम्प्युटरच्या कामाला. जायच्या आधी पाया पडायला आला आणि म्हणाला, "आजोबा, पैसे तिकडंच गुंतवू की दर महिन्याला पाठवू?" वहिनी शेजारीच बसली होती, हातात शेंगांचं सूप. तिनं शेंगा पाखडायचं थांबवलं नाही, पण माझ्याकडं बघितलं. मी त्याला म्हणालो, पाठव किंवा ठेव, पण कुठं ठेवलेत ते दर महिन्याला आजीला फोन करून सांग.

"आणि कागद कुणाकडं हाय तेबी सांग," वहिनी म्हणाली.